कंपवात, पोट आणि गोळीची वेळ

हात थरथरायला लागला, पाऊल उचलताना अडखळायला लागलं, की आपल्या वस्तीत तीन उत्तरं तयार असतात. म्हातारपण आलं, जुनी दारू बाधली, नाहीतर कुणी काही केलं. तिसऱ्यावर मी जागा घालवत नाही. पहिल्या दोन उत्तरांमागे मात्र पुष्कळांचा कंपवात वर्षानुवर्षे झाकून राहतो. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. मेंदूत डोपामाईन नावाचं रसायन कमी पडतं, म्हणून हालचाल मंदावते, अंग ताठतं, चेहरा भावहीन दिसतो. थरथर सगळ्यांनाच असते असं नाही.

हा आजार पोटाचाही आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली तो पहिल्यांदा नीट लिहून ठेवला, तेव्हाच रुग्णांचं पोट साफ होत नसल्याची नोंद केली होती. कित्येकांना बद्धकोष्ठ हातपाय थरथरायच्या बऱ्याच वर्षं आधीपासून असतं. (पोट साफ होत नाही त्या प्रत्येकाला कंपवात होतो, असं मात्र नाही. घाबरू नका.) या आजारात जठर आणि आतडं दोन्ही सुस्त होतात. लेव्होडोपाची गोळी लहान आतड्यात शोषली जाते. जठरातून ती पुढेच सरकली नाही तर अंग मोकळं कसं होणार? घरचे म्हणतात, गोळी लागू पडत नाही.

म्हणून आधी पोट. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं. आपल्या आयाबाया पाणी कमी पितात, कारण संडास लांब आहे किंवा अंधार पडल्याशिवाय जाता येत नाही. हे मी पथ्यात धरत नाही. घराजवळचा संडास हा इथे औषधाचाच भाग आहे आणि तो ग्रामपंचायतीकडे मागायचा आहे. खाण्यात वेगळं काही आणायला नको. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, मेथी, पालक, शेवग्याच्या शेंगा, पेरू, पपई, ताक, जवसाची चटणी. घास अडकत असेल तर कोरडी भाकरी देऊ नका, ताठ बसवून लहान घास भरवा. जमेल तेवढं चालणंही हवं.

आता गोळीची वेळ. डाळ, अंडी, मटण, दूध यांतली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेने आत शिरतात, आणि गर्दीत गोळी मागे राहते. त्यामुळे गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवल्यावर तासाभराने, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. दुधाबरोबर नको. मळमळत असेल तर एखादं बिस्किट चालतं. पण "मटण-अंडी कायमची बंद" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आधीच वाळलेलं शरीर आणखी वाळतं. दिवसा गोळीचा गुण कमी पडतोय असं वाटलं, तर मटण-अंडी रात्रीच्या जेवणात घेऊन बघायची, डॉक्टरांना विचारून. रक्तवाढीची लोहाची गोळी आणि ही गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. पौर्णिमेला उपोसथ धरून दुपारनंतर न जेवणाऱ्या आजीनेही गोळी चुकवायची नाही, ते औषध आहे, जेवण नाही.

खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं आहे. म्हणूनच ती पावडर गोळीच्या जोडीला मनाने घेणं धोक्याचं, मात्रा दुप्पट होते. आणखी एक गोष्ट, जी दवाखान्यातही निसटते: उलटी थांबवायला मेटोक्लोप्रामाईडचं इंजेक्शन सर्रास देतात, त्याने कंपवात वाढतो. सुई टोचण्याआधी "कंपवात आहे" हे सांगायचं.

लेव्होडोपा-कार्बिडोपा केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. नेकनूरहून बीडला सरकारी दवाखान्यात गेलात तर ते नाव घेऊन मागा. बाहेरची चिठ्ठी दिली तर मिळत नसल्याचं कारण विचारा.

दसऱ्यानंतर पोरं-सुना ऊसतोडीला जातात आणि म्हातारी माणसं घरी राहतात. गोळ्या संपतात त्या याच काळात. ही गोळी एकदम थांबली तर अंग लाकडासारखं ताठतं, ताप चढतो, जिवावर बेततं. टोळी निघायच्या आधी गोळ्या आणून ठेवा, वेळा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहा आणि त्या वेळी हाक मारणारा शेजारी आत्ताच ठरवा. अक्षर येत नसेल त्या घरी सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या गोळ्या वेगवेगळ्या रंगाच्या पुड्यांत बांधून द्या.