वळिवाची रात्र आणि कौलारू घर

सत्तरी, सांगे, काणकोण या सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर उकाडा वाढत जातो. समुद्रावरील दमट वारा डोंगराला अडून वर चढतो आणि सायंकाळपर्यंत दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. ढगात हिमकण व लहान गारा एकमेकांवर आपटल्याने विद्युतभार विलग होतो. विजेचे मूळ त्यातच आहे. आषाढातील संततधारेत विजा त्या मानाने थोड्या. वळिवात व परतीच्या पावसात त्या अधिक. देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात, व त्यांत ग्रामीण भागातील लोकच बहुसंख्य असतात.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तीनने भागल्यास अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हिशेब तीस सेकंदांच्या आत आला, की घरातील सर्वांनी आत असावे. मोजण्याचे काम मुलांकडे द्यावे. त्यांची भीतीही कमी होते.

मातीच्या भिंतींचे कौलारू घर हे विजेपासून पूर्ण संरक्षण देणारे नव्हे. शेजारी लोखंडी सळ्यांचे पक्के घर किंवा शाळा असल्यास वादळ दूर असतानाच तेथे जाणे उत्तम. ते शक्य नसल्यास पडवी सोडून माजघराच्या मध्यभागी, भिंतीपासून दूर, कोरड्या खाटेवर बसावे. दूरदर्शन संच, पंखा, विहिरीचा पंप यांची जोडणी आधीच काढावी. गडगडाट डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावू नये. नळाखाली भांडी घासणे, न्हाणीघरात जाणे त्या वेळी टाळावे.

खरा प्रश्न गोठ्याचा असतो. मध्यरात्री गुरे हंबरू लागली, की घरधनी कंदील घेऊन अंगणात उतरतो, आणि नेमका तोच क्षण घाताचा ठरतो. जवळच्या माडावर वीज पडली तर प्रवाह जमिनीतून पसरतो. पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असल्याने गुरे त्यास चटकन बळी पडतात. म्हणून गुरे झाडाखाली न बांधता, आभाळ भरून येताच, उजेड असतानाच गोठ्यात घ्यावीत व वैरण टाकून ठेवावी. मग रात्री बाहेर पडण्याचे कारणच उरत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत दार उघडू नये.

पायाळू माणसावर वीज पडते, हा समज अद्याप गावोगाव आहे. त्यामुळे घरातील पायाळू मूल कोनाड्यात लपविले जाते, आणि बाकीची मंडळी मात्र पडवीत उभी राहून वादळ पाहतात! विजेला जन्माची रीत कळत नाही. याहून घातक समज असा, की वीज पडलेल्या माणसास शिवल्यास आपणांसही झटका बसतो. त्याच्या शरीरात वीज साठून राहत नाही. त्यास तत्काळ स्पर्श करता येतो. मात्र तुटलेली तार त्याच्या अंगाला टेकली असेल तर प्रथम वीजपुरवठा बंद झाला पाहिजे. विजेच्या आघाताने पुष्कळदा हृदय व श्वास थांबतात, पण माणूस वाचण्याजोगा असतो. श्वास चालत नसल्यास छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी मिनिटास १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावा आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत हात थांबू देऊ नयेत.