काळे पडणारे पैंजण आणि रामन परिणाम



२८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. १९२८ साली याच दिवशी सर सी. व्ही. रामन यांना रामन परिणामाचा शोध लागला, एवढं मुलांना पाठ असतं. पण "सर, त्याचा उपयोग काय?" असं एखाद्यानं विचारलं की आपण अडखळतो. मीही अडखळलो होतो. म्हणून हा पाठ.

रामन परिणाम म्हणजे काय?
पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर विखुरलेल्या प्रकाशातील अगदी थोड्या भागाचा रंग किंचित बदलतो. हा बदल प्रत्येक प्रकारच्या रेणूचा वेगळा, जणू अंगठ्याचा ठसाच! त्यामुळे रक्तातील किंवा लाळेतील आजाराशी संबंधित रेणू ओळखण्याचा प्रयत्न करता येतो.

अडचण कोणती?
साधारण एक कोटी प्रकाशकणांमागे एखाद्याचाच रंग असा बदलतो. शिवाय आजाराच्या सुरुवातीला ते रेणूही थोडेच असतात. खूण दिसणार कशी?

उपाय चांदीचा
१९७४ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे खडबडीत चांदीवर चिकटलेल्या रेणूंची खूण खूपच ठळक दिसली. मुलांना रिकाम्या घागरीत तोंड नेऊन बोलायला सांगा, आवाज घुमतो. तसंच चांदी-सोन्याच्या सूक्ष्म कणांमधील फटींत प्रकाश एकवटतो आणि खूण लाखो पटींनी वाढू शकते. ही फट काही नॅनोमीटरची असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग!

मग सुधारणा कशाची?
फटी सारख्या नसतील, तर एकाच नमुन्याची खूण इथं ठळक, तिथं पुसट येते. अशा तपासणीवर डॉक्टर विश्वास कसा ठेवणार? दुसरं म्हणजे, चांदी खूण जास्त वाढवते, पण आईच्या पैंजणांसारखी हवेनं काळी पडते. सोनं टिकतं. म्हणून संशोधक सारख्या आकाराचे कण एकसारखे मांडतात, किंवा चांदीवर सोन्याचा पातळ थर देतात.

आपल्याशी संबंध काय?
देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीसह आपल्याच परंडा आणि भूम तालुक्यांतील गावांत सुरू झाली. नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत तोंडाच्या कर्करोगासाठी रामन पद्धतीवर संशोधन झालं आहे. तंबाखू-गुटखा आपल्या घराघरांत शिरलाय, आणि आजार लवकर कळला तर माणूस वाचण्याची शक्यता वाढते.

हे यंत्र गावच्या दवाखान्यात येईल तेव्हा येईल. तोपर्यंत घरात कुणाच्या तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. एवढं मुलांनी घरी जाऊन सांगितलं, तरी आपला विज्ञान दिन सार्थकी लागला.