पहिला तंबू, भंडारदऱ्याच्या काठी

प्रश्न : आम्ही नवरा-बायको नगरच्या नागापूरला राहतो. डिसेंबरात भंडारदऱ्याला एक रात्र तंबूत राहायचंय, पहिल्यांदाच. सोबत काय न्यावं?

उत्तर : आधी थंडीचा विचार करा. कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) कुशीतल्या या भागात पाण्याकाठची रात्र नगरपेक्षा बरीच गार असते. अंगावर पांघरायला सगळेच नेतात, पण खरी थंडी खालून, जमिनीतून चढते. म्हणून जाड फोमची चटई आधी, घोंगडी किंवा स्लीपिंग बॅग नंतर. कानटोपी, कोरडे मोजे आणि झोपायचे वेगळे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. दवाने बाकी सगळं ओलसर होतं. तंबू घरच्या गच्चीवर एकदा उभारून बघाच. दोघांना दोन विजेऱ्या हव्यात, डोक्याला बांधायच्या असतील तर उत्तम.

जेवणाचा घाट घालू नका. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ यांवर पहिलं जेवण निभतं. रात्रीसाठी तांदूळ, मुगाची डाळ, मीठ-हळद-तिखट घरूनच मोजून एका डब्यात भरा. छोट्या कुकरमध्ये खिचडी होते. माणशी किमान चार लिटर पाणी धरा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो : कितीही गारठा असो, गॅस किंवा शेगडी तंबूत पेटवू नका. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. स्वयंपाक बाहेरच, वाळक्या गवतापासून दूर.

संगमनेर-अकोले-राजूर मार्गे उजेडातच पोहोचा.