चेहरा सगळ्यांत शेवटी

ग्रुप फोटोतून एकट्या माणसाचा फोटो काढून द्यायचं काम आमच्या स्टुडिओत बापाच्या काळापासून चालत आलंय. अकोल्याच्या जुने शहर भागातल्या बहुतेक घरांत तेरवीला लागणारा फोटो असाच तयार होतो. लग्नाचा ग्रुप टेबलावर ठेवायचा, घरच्यांनी बोट ठेवायचं, आम्ही तेवढा चेहरा मोठा करायचा. आता हसू नका, पण सख्ख्या तीन भावांनी तीन वेगवेगळ्या माणसांवर बोट ठेवलेलं मी पाहिलंय, तेही बाप जाऊन आठवडाही झालेला नसताना. त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वीच्या लढाईतल्या फोटोत कोणी आपला आजा शोधून काढला की मी आधी चष्मा पुसतो.

असंच एक कुटुंब मोबाइलवर आलेला फोटो घेऊन आलं. वाळूत दाटीवाटीनं बसलेले हिंदी युद्धकैदी आणि खाली मथळा : तोब्रुक, जून १९४२. उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं २१ जूनला. सुमारे ३३ हजार सैनिक जर्मन सेनापती रोमेलच्या हाती लागले, त्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियनही होती. आजा फौजेत होता हे गावभर माहीत होतं. ‘जर्मनच्या कैदेत होता’ हे मात्र फोटो आल्यानंतर कोणाला तरी आठवलं. नातू म्हणाला, “काका, कान तं पाहा, नाक पाहा. आमचा बुढाच होय हा.” माझ्याकडे येण्याआधीच बातमी छापून आली होती, गावात कमानीची वर्गणीही सुरू झाली होती.

मी विचारलं, घरात आज्याचं काय काय आहे? देवघरातल्या डब्यातून एक सहा टोकांचा पितळी तारा निघाला. दुसऱ्या महायुद्धातल्या या ताऱ्यांवर मोहिमेचं नाव कोरलेलं असतं, कोणालाही वाचता येतं. यावर बर्मा होतं. उत्तर आफ्रिकेत लढलेल्याला आफ्रिकेचा तारा मिळे, तोब्रुकला कैद झालेलाही त्याचा हक्कदार होता. तो डब्यात नव्हता. हरवलाही असेल, म्हणून एवढ्यावर मी निकाल दिला नाही. पण ट्रंकेतून डिस्चार्ज सर्टिफिकेट निघालं आणि त्यात भरतीचं वर्ष १९४३ होतं. तोब्रुक पडल्यानंतर भरती झालेला माणूस तोब्रुकात कैद होत नाही.

एवढं झाल्यावरही घरातल्या दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलं. वर्गणी परत करणं किती अवघड असतं, ते ज्याच्यावर आलं त्यालाच ठाऊक. पुढे त्याच फोटोतल्या त्याच माणसावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कुटुंबानंही हक्क सांगितला. ते तरी बरोबर असतील का? त्यांच्याकडे कागद नव्हता, फक्त खात्री होती. बर्मात लढलेला आजा काही कमी नव्हता, हे मी त्या घरी पुन्हा पुन्हा सांगितलं. तेव्हा ते कोणाला ऐकू गेलं नाही.

तेव्हापासून असा फोटो घेऊन कोणी आलं तर मी फोटो पालथा ठेवायला सांगतो. आधी कागद. सैनिकाचा नंबर, पलटण, भरतीची आणि फौजेतून सुटल्याची तारीख. हे डिस्चार्जच्या कागदावर असतं, पेन्शनच्या कागदावर असतं. पहिल्या महायुद्धाचं पदक असेल तर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली सापडते. भिंग आणि तिरका उजेड एवढंच लागतं, चिंच लावून घासू नका, अक्षरं जातात. घरात काही नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, पलटण कळली तर तिच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा : मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावात आहे, महार रेजिमेंटचं सागरला. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं आणि याद्या जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या केल्यात. इराकमधल्या कुट-अल-अमाराला २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांना शरण गेलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचा धागा तिथे जातो.

मग आठवणी. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवा आणि फोटो दाखवण्याआधी लिहून घ्या : कुठे व्रण होता, कानाची पाळी सुटी की गालाला चिकटलेली, कुठलं बोट वाकडं होतं. फोटो पाहिल्यानंतर आठवलेला व्रण धरू नये, तो फोटोतूनच आलेला असतो. दाखवायची वेळ आली की त्याच काळातल्या पाच-सहा अनोळखी जवानांच्या फोटोंत मिसळून दाखवा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला तर सगळं तपासून झाल्याशिवाय दाखवूच नका. तिनं एकदा ‘हेच’ म्हटलं की पुढे घरातला कोणी तोंड उघडत नाही.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो, जी स्टुडिओवाले सहसा सांगत नाहीत. घरातला जो जुना फोटो तुम्ही जुळवायला घेता, तोच मुळात खरा नसतो. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून आम्ही सुरकुत्या, देवीचे वण, डोळ्यांखालचा काळेपणा घालवत असू. कोट स्टुडिओचा, कधी मिशीसुद्धा ब्रशनं दाट केलेली. म्हणजे एका बाजूला सजवलेला नवरदेव आणि दुसऱ्या बाजूला महिनोन् महिने अर्धपोटी राहिलेला, हजामत केलेला कैदी. गाल आणि केस यांवर विसंबून काय साधणार? रंगावर तर मुळीच नाही. जुन्या काळातल्या काही फिल्मांना लाल रंग दिसत नसे, त्यांत सावळा माणूस काळाकुट्ट येई. कान, हनुवटीची ठेवण, दोन डोळ्यांतलं अंतर, दात दिसत असतील तर दात, एवढंच थोडंफार भरवशाचं. आणि फोटो उलटा छापला आहे का, ते आधी पाहा. पदकांच्या फिती डाव्या छातीवर असतात, पुरुषाच्या शर्टाची डावी बाजू उजवीवर येते. फोटोत हे उलट दिसलं तर उजव्या गालावरचा तीळ खरं तर डाव्या गालावर आहे.

फोटो कोणी काढला, हेही विचारा. कैद्यांचे फोटो बहुधा पकडणाऱ्यानं काढलेले असतात आणि मथळाही त्याच्या सोयीचा असतो. पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फच्या छावणीत ऑटो श्टील नावाच्या जर्मन अधिकाऱ्यानं कैद्यांचे चेहरे टिपले आणि १९१६ साली त्यांचं पुस्तक काढलं. त्याला माणसांशी नव्हे, ‘नमुन्यां’शी कर्तव्य होतं. गंमत अशी की त्याच छावणीत भाषाभ्यासक विल्हेल्म डोगेनच्या मंडळींनी कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले, आणि त्यांच्यासोबत बोलणाऱ्याचं नाव, वय, गाव लिहिलेले कागद आहेत. ते बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात जपलेत. आवाजाला गाव आहे आणि चेहऱ्याला नाही.

१९७१ च्या भारत-पाक युद्धात बेपत्ता झालेल्या जवानांच्या घरांना यातलं काही शिकवायची माझी प्राज्ञा नाही. त्या डिसेंबरात ‘टाइम’ साप्ताहिकात पाकिस्तानातल्या गजांआडच्या एका भारतीय कैद्याचा फोटो आला आणि मेजर ए. के. घोष यांच्या घरच्यांनी त्यांना ओळखलं. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान ५ डिसेंबरला पडलं. ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांत ‘टॉम्बे’ असं नाव आलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, तो धागा धरून दशकानुदशकं लढल्या. २००७ साली नातलगांना पाकिस्तानातले तुरुंग दाखवले गेले, कोणी सापडलं नाही. पाकिस्तानचं म्हणणं कायम एकच : आमच्याकडे कोणी युद्धकैदी नाही. नियम काय सांगतो? १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी आणि रेड क्रॉसच्या शोधकेंद्राला कार्ड लिहू द्यायचं, आणि त्याला लोकांच्या बघ्या नजरेपासून जपायचं. म्हणजे घरच्यांच्या हाती कार्ड पडायला हवं होतं, पडला तो फोटो किंवा चुकीच्या स्पेलिंगातलं नाव. त्यातही मी नावाला, तारखेला आणि जागेला जास्त वजन देतो. चेहऱ्याला साक्षीदार लागतो, आणि तो नेमका घरचाच असतो.

अशा घरांभोवती घोंगावणारेही असतात. ‘मी त्यांना तिकडे पाहिलं’ म्हणत फोटो दाखवणारा आणि खर्चाला पैसे मागणारा. त्याला मूळ फोटो मागा, कोणत्या अंकातला, कोणत्या तारखेचा विचारा. कापलेला फोटो घेऊच नका, कडेचा मजकूर, मागची इमारत, शेजारच्याच्या खांद्यावरचा बिल्ला यांतच खरी माहिती असते. हल्ली नातवंडं धूसर फोटो मोबाइलवर ‘स्वच्छ’ करून आणतात. ते ॲप धूळ पुसत नाही, नवा चेहरा रचतं. पेन्सिल घेऊन आम्ही जे करायचो तेच, फक्त आम्हाला आपण काय केलं ते माहीत असायचं. जुळवणी करायची तर मूळ फोटोवरच करा.

आणि खात्री झाली नाही, जी बहुतेक वेळा होत नाही, तर फोटो फाडू किंवा लपवू नका. मागे मऊ पेन्सिलीनं लिहा : कोणाकडून, कधी मिळाला, कोणाला कोण वाटतं आणि कशावरून. ‘वाटतं’ हा शब्द गाळू नका. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.