महाशीर मासा आणि त्याचे घर

1915 साली खोपोली येथील वीजगृह सुरू झाले आणि परळ-लालबागच्या गिरण्यांना घाटावरच्या पाण्याची वीज मिळू लागली. त्यांपैकी बहुतेकांचे भोंगे आता थांबले आहेत. परंतु त्या पाण्याची गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. भीमेच्या खोऱ्यातून पूर्वेस जाणारे पाणी लोणावळा व वळवण येथील तलावांत अडवून नळांवाटे पश्चिमेस उतरविण्यात आले. गिरणगावास वीज मिळाली. नदीने वर चढणाऱ्या माशाच्या वाटेत मात्र बांध आडवा आला.

हा मासा म्हणजे महाशीर. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन 1839 साली प्रसिद्ध केले, त्यात मुळा-मुठेतील या माशास ‘खुद्री’ असे नाव दिले. 2011 साली आंतरराष्ट्रीय यादीत तो संकटग्रस्त ठरला होता. पुढे त्या वर्गातून वगळला गेला.

“धरणात एवढे पाणी आहे, मग मासा का कमी व्हावा?” असे चुणचुणीत मूल विचारील. उत्तराचा आरंभ प्राणवायूपासून करावा. 20 अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. 30 अंशांवर साडेसातच. थंड पाण्याचा पेला उन्हात ठेवावा. काचेस आतून चिकटलेले बुडबुडे म्हणजे त्या पाण्यातून बाहेर पडणारी हवा होय. दगडांवरून खळाळणारे पाणी हवेत मिसळून पुन्हा प्राणवायू घेते. साचलेल्या पाण्यास ती सोय नाही. म्हणून महाशीर खळाळाच्या आश्रयास असतो, आणि उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाला की खोल, थंड डोहात उतरतो.

पावसाळ्यात तो विणीसाठी वरच्या अंगास जातो व गोट्या-खडीच्या तळावर अंडी घालतो. फटींतून वाहते पाणी खेळत राहिले, तरच ती जगतात. दोन काचेच्या बरण्यांत खडी भरून एकीत स्वच्छ व दुसरीत गढूळ पाणी ओतावे. थोड्या वेळाने फटी कशा बुजतात हे मुले स्वतःच सांगतील. डोंगर उघडे पडले किंवा वाळू उपसली गेली, की नदीत हेच घडते.

महाडनजीक काळ नदीवरील वाळणकोंड आणि वाडा तालुक्यातील वैतरणेकाठचे तिळसे, या दोन्ही ठिकाणी लोक देवाचे म्हणून मासे धरीत नाहीत. श्रद्धेने डोह राखला ही मोठीच गोष्ट. पण डोहाच्या वरची नदी राखण्यास श्रद्धा पुरत नाही. त्याच वैतरणेवर 1957 साली मोडकसागर पूर्ण झाला. गिरगाव-दादरच्या नळांना येणारे पाणी अशाच दूरच्या तलावांचे.

लोणावळ्यास महाशीराची कृत्रिम वीण यशस्वी झाली व बोटुकल्या दूरदूरच्या नद्यांत सोडल्या गेल्या. त्या कावेरीतही पोहोचल्या. तेथील मूळचा कुबडा महाशीर त्यानंतर मागे हटला असे अभ्यासकांचे मत आहे; 2018 साली तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. एका नदीचा मासा दुसरीत सोडणे म्हणजे संवर्धन, असे मुलांना सांगू नये.

पाठ झाल्यावर गावच्या वृद्ध भोई मंडळींना विचारून जुने डोह, खळाळ व आटलेल्या जागा दाखविणारा ओढ्याचा नकाशा चौथीच्या मुलांकडून करून घ्यावा.