रूळ मनमाडला गेले, चांदवडला का नाही?

आपल्याला रेल्वेने कुठे जायचे म्हटले की आधी एस.टी.ने मनमाड नाहीतर लासलगाव गाठावे लागते. चांदवड तर तालुक्याचे गाव! होळकरांचा रंगमहाल इथला, मुंबई-आग्रा रस्ताही इथूनच जातो. मग स्टेशन का नाही? मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "तूच शोध आणि भित्तिपत्रकात लिही." म्हणून हा लेख.

गाडी घाट कशी चढली?

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. १८६१ साली ती कसाऱ्याला आली. पुढे थळ घाट! कसारा ते इगतपुरी अंतर थोडे, पण चढ सुमारे ३०० मीटर. काही ठिकाणी ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते. मजुरांनी कातळ फोडून बोगदे खोदले, दऱ्यांवर पूल बांधले. १८६५ साली घाटातून गाडी सुरू झाली. आजही कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात.

रूळ तिकडूनच का?

इंग्रजांना खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात न्यायचा होता. इंजिनाला चढ सोसत नाही. आता नकाशा पाहा. चांदवड सातमाळा डोंगराच्या कुशीत, पुढे राहुड घाट. बैलगाडी घाट उतरते, पण रुळांना सपाटी हवी. ती नाशिकरोड, निफाड, लासलगाव, मनमाड, नांदगाव अशी सापडते.

त्याने काय झाले?

मनमाडला दौंडचा आणि मराठवाड्यातून हैदराबादचा फाटा फुटला. जंक्शन झाले. पुलांचे लोखंडी गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना आला, धान्याची मोठी गोदामे आली. माझी आजी म्हणते, "घरातलं एक पोरगं मनमाडला रेल्वेत लागलं, की पाऊस पडो न पडो, चूल पेटायची." आपल्या दुष्काळी भागात ही गोष्ट लहान नाही.

कांद्याचेही तसेच. तो फार दिवस टिकत नाही, सडला की मेहनत मातीत जाते. रेल्वेने तो लांबच्या राज्यांत लवकर पोचतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल आपल्याच देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला गेली.

चांदवडला मात्र रस्त्याने तारले. आपला शेतमाल ट्रॅक्टर-ट्रकने जातो. २०२४ साली मनमाड-इंदूर या नव्या मार्गाला मंजुरी मिळाली. तो झाला की मालेगावलाही रेल्वे मिळेल.

मला एवढे कळले, की रूळ कुठून जातात यावर गावाचे पोट अवलंबून असते.

तुम्ही शोधा :
१. तुमच्या घरचे कोणी रेल्वेत होते का? त्यांचे काम काय होते?
२. तुमच्या शेतातला कांदा शेवटी कोणत्या गावी पोचतो?
३. नकाशात मनमाडहून किती दिशांना रूळ जातात ते मोजा.

(इयत्ता ७ वी)