आधी तंगड्या काढा

नोकरीच्या निमित्ताने थायलंडच्या ईशान्य भागात, ईसानात, बरीच वर्षं राहिलो. गाव खोन केन. तिथे रातकिडे, टोळ, मुंग्यांची अंडी हे सगळं खाल्लं आणि अजूनही मिळालं की खातो. सुट्टीत घरी आलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “जिवंत खातात का रे?” नाही खात. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं एकदाच लिहून टाकतो.

१. काडीला टोचलेल्या विंचवाच्या वाटेला जाऊ नका. बँकॉकच्या खाओ सान रोडवर ते विंचू पर्यटकांसाठी असतात. गाडीवर पाटीही असते, फोटो काढायचे दहा बाट. रोज कीटक खाणारी माणसं संध्याकाळच्या बाजारात भेटतात. तिथे हातगाडीवर पाच-सहा परातींत रातकिडे, टोळ, बांबूतल्या अळ्या, रेशमाचे कोष असे ढीग लावलेले असतात. ऑफिसातून सुटलेली बाई स्कूटर चालू ठेवूनच “वीस बाटचे द्या” म्हणते आणि पुडी हँडलला अडकवून निघून जाते.

२. पहिल्यांदा खायचं तर रातकिडाच घ्या. उकळत्या पाण्यातून काढून, निथळून, माक्रूत लिंबाच्या पानांसोबत तळलेला असतो. पुडी बांधण्याआधी गाडीवाली त्यावर बाटलीतून सोया सॉसचा फवारा मारते आणि पांढरी मिरपूड भुरभुरवते. चव विचाराल तर खमंग परतलेल्या सुक्या जवळ्याच्या जवळ जाणारी. बिअरसोबत तर विचारूच नका. टोळ मात्र तसाच तोंडात टाकायचा नाही. त्याच्या मागच्या तंगड्यांना करवतीसारखे काटे असतात, ते घशात अडकतात. माझ्या गल्लीतल्या गाडीवाल्या मावशी (तिथे ‘पा’ म्हणतात) नवख्या गिऱ्हाइकाला पुडी देताना स्वतःच्या हाताने पहिल्या टोळाच्या तंगड्या आणि पंख काढून दाखवायच्या.

३. ‘बिचारे, गरिबीमुळे खात असतील’ हे मनातून काढून टाका. बाजारात तळलेल्या रातकिड्यांचा किलोचा भाव कोंबडीपेक्षा चढाच असतो. टोळांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९७०च्या दशकात थायलंडमधल्या मक्यावर टोळधाड आली. विमानातून फवारणी करूनही ती आटोपेना, तेव्हा सरकारनेच लोकांना टोळ पकडून खा म्हणून सांगितलं. लोकांना ते इतके आवडले, की पुढे काही शेतकरी टोळांसाठीच मका लावू लागले. हा टोळ म्हणजे ज्याला इंग्रजी पुस्तकांत ‘बॉम्बे लोकस्ट’ म्हणतात तोच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने मुंबई इलाख्यातही धुमाकूळ घातला होता.

४. जमल्यास एखादं रातकिड्यांचं फार्म बघा. खोन केन विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी १९९८च्या सुमारास हे पालन शेतकऱ्यांना शिकवायला सुरुवात केली. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिथल्या प्राध्यापक युपा हानबूनसोंग यांच्यासोबत अहवाल काढला, तेव्हा देशात सुमारे वीस हजार फार्म होती. मी पाहिलेलं फार्म म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. आत सिमेंटच्या विटांचे कमरेइतके हौद, त्यांत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचलेले, वरून मच्छरदाणी. हौदाच्या काठाला आतून गुळगुळीत चिकटपट्टी फिरवलेली, म्हणजे किडा चढायला लागला की घसरून परत खाली. मादीसाठी वाळू आणि भाताच्या तुसाची ओली वाडगी ठेवतात. ती त्यात अंडी घालते आणि मग वाडगंच उचलून नव्या हौदात ठेवायचं. दीड महिन्यात माल तयार. खाद्य कोंबड्यांचंच असतं, पण काढणीच्या आधी दोन-तीन दिवस ते बंद करून भोपळा आणि पालेभाजी घालतात, नाहीतर खाद्याचा वास मांसाला येतो. हे बघितल्यावर मी गाडीवर हमखास विचारू लागलो, “भोपळ्यावरचे आहेत का?” आणि शेडमधल्या आवाजाचं म्हणाल, तर शेजाऱ्यांशी संबंध चांगले असलेल्यांनीच या धंद्यात पडावं.

५. ऋतू बघून खा. लाल मुंग्यांची अंडी उन्हाळ्यात मिळतात. लांब बांबूच्या टोकाला टोपली बांधून झाडावरच्या पानांच्या घरट्यात खुपसतात, अंडी टोपलीत पडतात. मग त्यावर पीठ टाकून मुंग्या वेगळ्या करतात. ही ‘अंडी’ म्हणजे खरं तर अळ्या आणि कोष. आंबटसर, दाताखाली फुटणारी. आमलेटात किंवा सारात घालतात. ईसानात हा पदार्थ खाताना मला हटकून भामरागडची आठवण यायची. तिथले माडिया ह्याच जातीच्या मुंग्या मिरची-मिठाबरोबर पाट्यावर वाटून चटणी करतात, पलीकडे बस्तरात तिला ‘चापडा’ म्हणतात. ओडिशातल्या सिमिलीपालच्या काई चटणीला तर जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा ‘आपल्याकडे असलं कुणी खात नाही’ असं म्हणण्याआधी आपला नकाशा पूर्वेकडे जरा उलगडावा.

६. पाकिटावरच्या प्रोटीनच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. रातकिड्यांच्या भुकटीत साठ-पासष्ट टक्के प्रथिनं असतात म्हणतात. पण हा हिशोब नायट्रोजन मोजून करतात आणि कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, त्यामुळे आकडा थोडा फुगतो. शिवाय कोरड्या भुकटीची तुलना ओल्या मटणाशी करणं ही चलाखीच. पृथ्वी वाचवायला म्हणून ती बेचव भुकटी गिळण्यापेक्षा गाडीवरचे गरम रातकिडे चवीने खावेत, या मताचा मी आहे.

७. मासळी घेताना जे नखरे करता तेच इथे करा. रेशमाचे कोष किंवा टोळ बर्फाविना पडून राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते तळूनही जात नाही. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात. थायलंडमध्ये यामुळे लोक आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. वास कुबट असेल किंवा तेल काळं दिसत असेल तर पुढची गाडी बघा. शेतात पकडलेले टोळ ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, कारण फवारणी झालेल्या शेतातले असले तर ते औषध आपल्याच पोटात जातं.

८. शेवटचं, आणि हे गंमतीत घेऊ नका. कोळंबी-खेकड्याने ज्यांच्या अंगावर गांधी उठतात किंवा श्वास लागतो, त्यांनी कीटक खाऊ नयेत. ट्रोपोमायोसिन नावाचं ज्या प्रथिनाचं त्यांना वावडं असतं, तसंच प्रथिन रातकिड्यातही असतं. मित्रांनी कितीही आग्रह केला तरी सरळ नाही म्हणा.